डबी पास होईपर्यंत

८ सप्टेंबर

निवृत्त होऊन आठ दिवस झाले. ही डायरी निरोप समारंभात मिळाली, चालू वर्षाची, म्हणजे आठ महिन्यांची पानं आधीच वाया गेलेली. पहिल्या पानावर नाव लिहिलं, वेणीमाधव. हुद्द्याच्या रकान्यावर पेन टेकवलं आणि उचललं. चौतीस वर्षं ओझरच्या विमान कारखान्यात तपासनीस होतो. दुसऱ्यांनी बनवलेला सुटा भाग मापायचा, पास किंवा नापास म्हणायचं, सही करायची. आता मापायला काही नाही, तरी सकाळी साडेपाचला जाग येते आणि मग दिवस संपत नाही.

एकच काम ठरवलं आहे. गिटारवर बांधलेल्या माझ्या सात चाली आहेत. कारखान्याच्या ऑर्केस्ट्रात दुसऱ्यांची गाणी वाजवता वाजवता आणि घरी सकाळी बस पकडायच्या आधी बसून जमलेल्या. मला नोटेशन लिहिता येत नाही. कुठे कागदावर नाहीत, दुसरं कुणी वाजवत नाही. निवृत्त झालो की रेकॉर्ड करीन, असं पंचवीस वर्षं म्हणत आलो. आता सबब उरली नाही, आणि खरं सांगायचं तर त्याचीच धास्ती वाटते.

१२ सप्टेंबर

गिटारची वायर सरळ संगणकात खुपसली तर नुसती खरखर येते. मध्ये एक डबी लागते. तिला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. एका बाजूनं गिटार, दुसऱ्या बाजूनं यूएसबीची वायर. बाजारात अकरा तरी डब्या मला परवडतील अशा आहेत. चार दिवस व्हिडिओ पाहतोय. एक जण ज्या डबीला डोक्यावर घेतो तिला दुसरा कचरा म्हणतो. मी तक्ता केला आहे. खरखर किती, आवाज पोचायला उशीर किती, वॉरंटी, नाशकात दुरुस्ती होते का.

सरोजिनी तक्ता बघून म्हणाली, "लग्नाच्या वेळी मला बघायला आलात तेव्हा चहा संपायच्या आत हो म्हणालात. डबीला एवढं?"

बायकोला वॉरंटी नव्हती, म्हणालो. ती हसली. मला मात्र आतून हसू आलं नाही. तक्ता जितका भरतोय तितकं कुठलीच घेऊ नये असं वाटतंय.

१७ सप्टेंबर

एम. जी. रोडच्या मागच्या गल्लीत तृप्तीचं वाद्यांचं दुकान आहे. पस्तिशीची असेल. दुकान तिचंच, आणि बोलणं रोखठोक. तक्ता तिच्या काउंटरवर पसरला. तिनं दोन मिनिटं वाचला आणि घडी करून परत दिला.

"काका, या भावात सगळ्या सारख्याच. पहिली डबी कुठलीही घ्या, पण आज घ्या आणि वाजवायला लागा. लोक इथं सहा-सहा महिने चौकशी करतात आणि मग गिटारच विकायला आणतात."

निळी घेतली. यादीत स्वस्ताईत तिसरी. रिक्षात डबी मांडीवर धरून बसलो होतो. पंचवटीत कुंभमेळ्यासाठी रस्ते खोदून ठेवलेत, त्यामुळे हादरे फार.

२० सप्टेंबर

डबी जोडली. पण चाली लगेच रेकॉर्ड करायच्या नाहीत. न तपासलेल्या गेजवर, म्हणजे मापाच्या साधनावर, माल मापायचा नाही, हे आमच्या विभागात पहिल्या दिवशी शिकवायचे. माप चुकलं तर आधी गेजवर संशय घ्यायचा, मग मालावर, आणि बनवणाऱ्या माणसावर सगळ्यात शेवटी. मशीनवरच्या कित्येकांची नोकरी या नियमानं वाचली आहे.

चाचणी अशी ठरवली. संगणकानं टक-टक ठोका द्यायचा, मी प्रत्येक ठोक्यावर सरगमचा एक सूर वाजवायचा, वर आणि खाली. नंतर पडद्यावर ठोक्याची रेघ आणि सुराची रेघ शेजारी दिसते. मधलं अंतर सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजता येतं.

सरासरी उशीर अठरा. मला हे बसत नाही. ऑर्केस्ट्रात माझा ताल कधी ढळला नाही. डबी संशयित.

चाचणीच्या आधी हात मोकळा व्हावा म्हणून सातही चाली एकदा वाजवल्या. छान लागल्या. सरोजिनी ओट्याशी उभी राहून ऐकत होती. रेकॉर्डिंगचं बटण अर्थात बंद होतं.

२९ सप्टेंबर

नवरात्राचे कर्णे. दिवसभर चाचणी अशक्य, म्हणून सकाळी सहाच्या आत उरकतो. आधी चाली, मग सरगम. चाली रोज छान होतात. उशीर एकवीस, बावीस, एकवीस.

डबी पास झाली की एका सकाळी सातही उरकून टाकीन. तासाभराचं काम आहे.

६ ऑक्टोबर

चोवीस. तृप्तीनं ओळखीखातर निळी परत घेतली आणि लाल दिली. वरचे पैसे भरले. सगळे व्हिडिओवाले हीच वापरतात. तृप्तीनं विचारलं, "काय वाजवलं काका आतापर्यंत? ऐकवा ना." म्हटलं, अजून तपासणी चालू आहे.

१३ ऑक्टोबर

लाल डबी. अठ्ठावीस.

महाग घेतली आणि आणखी वाईट निघाली. आज गिटार पिशवीत घातली आणि तासभर खुर्चीत बसून राहिलो. त्यात गॅसवर दूध करपलं. शेजारच्या फ्लॅटमधून सरोजिनी धावत आली, तिला जिन्यात वास आला म्हणे. मी चार पावलांवर बसलो होतो, मला काही वास आला नाही. "लक्ष कुठं असतं हो तुमचं?" डबीत, आणखी कुठे. थोडी सर्दीही असेल.

२२ ऑक्टोबर

पाडवा. नवा शर्ट घालताना उजव्या मनगटाचं बटण लागेना. काज बारीक शिवलंय. डाव्या हातानं चार वेळा प्रयत्न केला, मग सरोजिनीनं लावलं. ओवाळताना ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

लेक यशश्री पुण्याहून आली होती. म्हणाली, बाबा, दिवाळीची भेट म्हणून एक चाल वाजवून पाठवा, मी ऑफिसात सगळ्यांना ऐकवीन. पुढच्या महिन्यात नक्की, असं सांगितलं. एकतीस.

४ नोव्हेंबर

धनराज आला होता. पेठचा. कारखान्यात टर्नर होता आणि ऑर्केस्ट्रात ढोलकी वाजवायचा. माझ्याआधी दोन वर्षं सुटला. आता गावी भात आणि नागली लावतो. येताना वरईचं पीठ घेऊन आला. म्हणाला, "वेणूभाऊ, तिसरी चाल काढा बरं, लय दिवस झाले."

मी वाजवली, तो टेबलावर बोटांनी ठेका धरत होता. अर्ध्यात त्याची बोटं थांबली.

"मागं ऱ्हाताय तुम्ही."

"कोण?"

"तुम्ही. पयल्यांदा मला वाटलं मीच पुढं पळतोय. पण तसं नाय."

तारा जुन्या झाल्यात, म्हणालो. मग गोदाघाटावर चक्कर मारायला गेलो. परतताना त्यानं पुन्हा तोंड उघडलंच. "चालताना तुमचा डावा हात हालत नाय, भाऊ. काठी बांधल्यासारखा राहतो. दुखतो का?"

दुखत नाही, आणि मी माझा हात कसा हलवावा याची तपासणी मी त्याला सोपवलेली नाही. तसंच सांगितलं त्याला. नको इतकं तोडून बोललो. तो रामकुंडापासून एकटाच बसस्टँडकडे गेला. घरी आल्यावर लक्षात आलं की त्यानं ऐकलं तेव्हा डबी जोडलेलीच नव्हती. पण टेबलावर ठेका धरून कुणाला हजारावा भाग कळत नसतो.

नव्या तारा आणल्या. तेहतीस.

२१ नोव्हेंबर

लालही परत. आता काळी. माझ्या ऐपतीच्या टोकाला आहे ही, यापुढची घ्यायची तर पेन्शनला हात लावावा लागेल. तृप्ती या वेळी हसली नाही. पावती करताना म्हणाली, "ही शेवटची हं काका." अपमान वाटला, पण घेतली.

एकोणचाळीस. बेचाळीस. एकेचाळीस.

दर वेळी चांगली डबी घेतो आणि दर वेळी आकडा वाढतो. असं चौतीस वर्षांत पाहिलं नाही. आजकाल चाचणीआधी चाली वाजवत नाही. पहिल्यासारख्या लागत नाहीत आणि दिवसभर मन खट्टू राहतं. नुसती सरगम घेतो आणि आकडा टिपतो. सरोजिनीनं विचारलं, सकाळचं वाजवणं बंद केलं का? म्हटलं, बंद कुठे, रोज वाजवतोय की.

खरं म्हणजे उठायचं कशासाठी तेच कळेनासं झालंय. थंडी पडलीय. पांघरुणात पडून राहतो आणि भंगारवाल्याची हाक ऐकतो.

५ डिसेंबर

तृप्तीचा स्वतःहून फोन आला. "काका, एक साधी युक्ती सांगते. डबीच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढा आणि तिच्याच गिटारच्या भोकात घाला. संगणकानं ठोका द्यायचा, संगणकानंच ऐकायचा. मध्ये माणूस नाही. मग कळेल उशीर डबीचा की कुणाचा."

फोन ठेवला. ही युक्ती मला सुचायला हवी होती. रोज सकाळी पाळी सुरू व्हायच्या आधी आम्ही हेच करायचो. ज्याचं माप पक्कं माहीत आहे असा मास्टर तुकडा गेजला लावायचा, आणि बरोबर दाखवलं तरच त्या गेजला हात लावायचा. मी स्वतः शंभर पोरांना हे शिकवलं. तीन महिने आणि तीन डब्या, आणि मी मास्टर लावला नाही.

तशी वायर घरात नाही. बघू.

१२ डिसेंबर

वायर आणायला गेलो नाही. रस्ता खोदलाय.

१६ डिसेंबर

आज गेलो. काळी डबी पिशवीत घालून. तृप्तीकडे निळी आणि लाल अजून शेल्फवर होत्या. तिन्ही काउंटरवर मांडल्या. मला वायर घालायची होती. डाव्या हातात डबी नीट धरता येईना, ती फिरत राहिली. दोनदा वायर बाजूला गेली. तिसऱ्या वेळी तृप्तीनं माझ्या हातातून डबी काढून घेतली आणि स्वतः जोडली.

प्रत्येकीवर दहा वेळा घेतलं. गेलेला ठोका आणि परत आलेला ठोका एकावर एक. फरक एकाच्याही आत. आधी काळी, मग लाल, मग तिघींत सगळ्यात स्वस्त ती निळी.

तिन्ही पास.

तृप्तीनं चहा मागवला. मी पेला उजव्या हातानं उचलला आणि डावा मांडीखाली घालून बसलो. "घरी कुणाला फोन करू का काका?" तिनं विचारलं. नको म्हणालो. दुकानातून बाहेर पडलो तर घरी कुठल्या बाजूनं जायचं तेच क्षणभर सुचेना.

१७ डिसेंबर

गेज झालं. आता माल. गिटार तपासली. मान सरळ, पट्ट्या नीट, तारा नव्या.

आता माणूस.

८ जानेवारी

नवी डायरी आणली नाही. यशश्रीनं जुनीलाच कोरी पानं शिवून दिली.

मेंदूच्या डॉक्टरांकडे सरोजिनी घेऊन गेली. अंगठा आणि पहिलं बोट भराभर जुळवा, म्हणाले. उजवा भराभर चालला. डावा पाच-सहा वेळा चालला आणि मग लहान लहान होत थांबला. मी त्याच्याकडे बघत होतो, थांबू नको म्हणत होतो. मग चालायला लावलं, कॉफीची पूड हुंगायला दिली. मला ती मातीसारखीही वाटली नाही.

कंपवात. पण माझा हात थरथरत नाही, मी म्हणालो. सगळ्यांचा थरथरत नाही, ते म्हणाले. काहींचा नुसता मंदावतो. कधीपासून जाणवतंय, असं विचारलं तेव्हा मी पिशवीतून तक्ता काढला. वीस सप्टेंबरपासूनची प्रत्येक सकाळ, उशीर आणि कुठली डबी. ते बराच वेळ वाचत राहिले. "इतकी पद्धतशीर नोंद माझ्याकडे आजवर कुणी आणली नाही. याची प्रत ठेवू का?"

लाज वाटते लिहायला, पण एक क्षणभर बरं वाटलं. कुणीतरी माझं काम पास केलं. मग सरोजिनीकडे पाहिलं. तिनं पदर तोंडाला लावला होता.

औषधानं बटणं लागतील, चालणं सुधारेल. गिटारचं विचारलं. "हातावर फरक पडेल. किती, ते आत्ता सांगत नाही," म्हणाले. भला माणूस. खोटं बोलला नाही.

१ फेब्रुवारी

औषध सुरू होऊन तीन आठवडे. शर्टाचं बटण लागलं. त्या जोरावर काळी डबी जोडली, रेकॉर्डिंगचा लाल दिवा लावला आणि पहिली चाल सुरू केली. चौथ्या सुराला बोट तारेवर पोचलंच नाही. पुन्हा सुरू केली. सात चाली, प्रत्येकीला पाच वेळा. एकही शेवटापर्यंत गेली नाही. दुसऱ्या चालीत तर पुढे काय आहे तेच बोटांना आठवेना. मला वाटायचं चाली मला पाठ आहेत. मला काहीच पाठ नाही, जे होतं ते बोटांना होतं.

सरोजिनी आत आली आणि पलंगावर बसली.

"त्या संगणकात तुमचं जुनं वाजवलेलं असेल ना? सप्टेंबरातलं? रोज सकाळी किती सुंदर वाजवायचात. मी पोळ्या थांबवून ऐकायचे."

फाइली उघडून दाखवल्या. एकशे एकोणीस. सगळ्या तारीखवार लावलेल्या. पहिली लावली, वीस सप्टेंबरची. टक, सा. टक, रे. टक, ग. हात काय स्वच्छ होता तेव्हा.

"आणि चाली?"

"चाली मी त्याआधी वाजवायचो."

"मग तेव्हा डबी जोडलेली नसायची?"

"जोडलेली असायची."

"मग बटण का नाही दाबलंत?"

डबी पास झाली नव्हती, हे उत्तर मला माहीत होतं. मी फाइल बंद केली. ती वाट बघत बसली. मग उठली आणि माझ्या पाठीवर हात ठेवून आत गेली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. आयुष्यात एकच गोष्ट माझी स्वतःची केलेली होती आणि ती मी तपासणीच्या नादात घालवली. दुसऱ्या कुणाचा यात काही दोष नाही.

२ फेब्रुवारी

धनराजला फोन केला. माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ द्या हो भाऊ, मला त्याच दिवशी कळलं व्हतं. सांगावं कसं तेच उमगंना." तिसरी चाल त्याला येते का, विचारलं. "ठेका येतो. सूर नाय येत."

१५ फेब्रुवारी

अकरा वाजता सरोजिनी मेथी निवडत होती आणि गुणगुणत होती. मी दारात थांबलो. तिसरी चाल. ती गाणारी नाही, आवाज जाडसर आहे, पण चाल ओळखू येत होती. माझ्याखेरीज कुणाला येते हे मला ठाऊकच नव्हतं. तीस वर्षं ओट्याशी ऐकून ऐकून तिच्यात उतरली असणार.

"परत म्हण," म्हणालो.

ती लाजली. "काहीतरीच. मला काय येतंय." पण मी मोबाइल पाटावर ठेवला आणि बटण दाबलं तेव्हा तिनं जुडी बाजूला ठेवली, पदर सारखा केला आणि पहिल्यापासून म्हटली. बाहेर रिक्षा वाजली, कुकरची शिट्टी झाली, ती थांबली नाही. वरच्या सुरावरून खाली येताना मध्ये एक सूर आहे. तो तिनं गाळला आणि सरळ उतरली. तो सूर सापडायला मला दोन वर्षं लागली होती, त्याच्याशिवाय ती चाल म्हणजे कुणाचीही चाल.

"बरोबर आहे ना?" तिनं विचारलं. "कुठं चुकत असेल तर आत्ताच सांगा, मी सुधारून म्हणते."

तो गाळलेला सूर गळ्यानं काढून बघितला. जो आला तो तो नव्हता. मग गिटार घेतली आणि डाव्या हाताची बोटं एकेका पट्टीवर ठेवून शोधला. हा असेल वाटलं, मग शेजारचा वाटला. दोन्ही पुन्हा वाजवले. दोन्हीपैकी कुठला ते मला सांगता येईना. ती समोर बसून होती, मेथीची जुडी तशीच, माझ्या तोंडाकडे बघत.

"बरोबर आहे," म्हणालो.

फाइलला नाव दिलं, चाल तीन, आणि पुढे लिहिलं, पास.